हवेवर तोललेली मोटार आणि तिचा कॉम्प्रेसर



मुंबई–नाशिक महामार्ग आणि कल्याणहून कसाऱ्याकडे जाणारा लोहमार्ग हे दोन्ही शहापूर तालुक्यांतील आमच्या आटगांवाजवळून जातात. ह्या वाटांनीं रोज प्रवास करणाऱ्या असंख्य लोकांपैकीं फारच थोड्यांना ठाऊक असेल कीं, आपण ज्या गाडींत बसलों आहों ती पुष्कळदां पोलादी स्प्रिंगांवर नव्हे, तर रबरी पिशव्यांत कोंडलेल्या हवेवर तोललेली असते. ह्या हवेच्या स्प्रिंगा कशा चालतात, त्यांना हवा पुरविणारा कॉम्प्रेसर कां बिघडतो, त्याचा दोष कसा शोधावा आणि दुरुस्ती कशी करावी, ह्यांविषयीं चार शब्द सांगण्याचें आज योजिलें आहे.

विषय यंत्राचा असला तरी तो केवळ यंत्रज्ञांचा नव्हे. अशी मोटार ज्यांच्या घरीं आहे त्यांना केव्हां तरी एका सकाळीं ती एका बाजूस खचलेली दिसते. मग “कॉम्प्रेसर गेला” असा निर्णय होतो, मोठी रक्कम खर्चून नवा कॉम्प्रेसर बसविला जातो, आणि कांहीं महिन्यांनीं तोहि जळतो. ‘रोग रेड्याला आणि औषध पखालीला’ अशी आपल्याकडे म्हण आहे. येथें ती नेमकी उलटी करून घ्यावी लागते: गळत असते ती पखाल, आणि औषधोपचार होतात ते पाणी वाहून थकलेल्या रेड्यावर! कॉम्प्रेसर हा बहुधा अपराधी नसून दुसऱ्याच्या अपराधाची शिक्षा भोगणारा असतो, हेंच आजच्या भाषणाचें सार समजावें.

प्रथम मूळ तत्त्व पाहूं. पोलादी स्प्रिंग किंवा पाटे ह्यांचा ताठरपणा कारखान्यांत एकदां ठरला कीं ठरला. गाडींत एक मनुष्य बसला काय आणि सात माणसें सामानासह बसलीं काय, स्प्रिंगला स्वतःचें बळ वाढवितां येत नाहीं. भार वाढला कीं ती दबते. हवेचें तसें नाहीं. समजा, एका चाकावर ५०० किलो भार आहे आणि त्यावरील रबरी पिशवीचें परिणामी क्षेत्रफळ १०० चौरस सेंटिमीटर आहे. तर आंतील हवेनें दर चौरस सेंटिमीटरास ५ किलो रेटा दिला म्हणजे भार तोलला जातो. मागें माणसें बसून त्याच चाकावर आणखी १०० किलो भार आला, कीं हा रेटा ६ किलो व्हावा लागतो. बाहेरून हवा मिळाली नाहीं, तर पिशवी दबते आणि गाडी खालीं बसते. कॉम्प्रेसरनें जास्त हवा भरली, तर गाडीची उंची होती तेवढीच राहते. भार कमी झाल्यावर ती जादा हवा सोडून द्यावयाची. ह्या रबरी पिशवीला आपले मेकॅनिक ‘बलून’ म्हणतात. आपणहि तोच शब्द वापरूं.

ही युक्ति कांहीं कालची नव्हे. अमेरिकेंत सन १९५३-५४ च्या सुमारास जनरल मोटर्सनें ग्रेहाउंड कंपनीसाठीं बांधलेल्या प्रवासी बसगाड्या हवेवर चालूं लागल्या. सन १९५७ मध्यें कॅडिलॅक ‘एल्डोराडो ब्रूम’ ह्या अतिशय महाग मोटारीच्या चारी चाकांवर बलून आले. परंतु गळतीला कंटाळून तिच्या अनेक मालकांनीं ते काढून टाकले व पुन्हां पोलादी स्प्रिंगा बसवून घेतल्या. म्हणजे ह्या विद्येचा मुख्य शत्रु कोण, हें त्याच वेळीं उघड झालें होतें. आपल्या देशांत सन २००१ मध्यें आलेल्या व्होल्वोच्या बसगाड्यांनीं हा प्रवास लोकांच्या परिचयाचा केला. राज्य परिवहनाच्या ‘शिवनेरी’ गाड्यांतून जाणाऱ्यांना तो ठाऊक आहेच. मुंबईच्या उपनगरी मार्गांवर सन २००७ पासून ज्या नव्या बनावटीच्या लोकलगाड्या येऊं लागल्या, त्यांच्या डब्यांखालींहि हवेच्या स्प्रिंगा आहेत. गर्दीच्या वेळीं डबा खचाखच भरला तरी त्याची उंची फलाटाच्या मानानें जवळजवळ तीच राहते, ती ह्यामुळेंच. १० फेब्रुवारी २०२३ रोजीं सुरू झालेली मुंबई–साईनगर शिर्डी वंदे भारत गाडी आटगांवावरून कसाऱ्याच्या घाटाकडे जाते, तीहि हवेवरच तोललेली आहे.

रेल्वे व बस ह्यांचे कॉम्प्रेसर मोठे असतात आणि तेच ब्रेकलाहि हवा देतात. खासगी मोटारींतील कॉम्प्रेसर मात्र विजेवर चालणारा, ओंजळींत मावेल एवढा असतो. बहुतेक तक्रारी त्याच्याच असतात. म्हणून आतां त्याच्याकडे वळूं.

ह्या यंत्रांत एक विजेची मोटर, एक लहान सिलिंडर आणि त्यांत खालींवर होणारा पिस्टन असतो. पिस्टनवरची कडी टेफ्लॉनसारख्या पदार्थाची असल्यामुळें आंत तेल लागत नाहीं. दाबलेली हवा प्रथम एका डबींतून जाते. त्या डबींत ओलावा शोषून घेणारे मणी भरलेले असतात. तिला आपण शुष्कक म्हणूं. तेथून हवा झडपांच्या ठोकळ्यांत येते आणि तो ठोकळा ती नळ्यांवाटे ज्या बलूनला हवी त्याला वांटून देतो. कांहीं मोटारींत हवेची एक सांठवणीची टांकीहि असते. प्रत्येक चाकापाशीं, किंवा निदान मागच्या व पुढच्या बाजूस, उंची मोजणारा एक सूचक असतो; त्याच्या निरोपावरून संगणक हवा भरण्याची किंवा सोडण्याची आज्ञा देतो.

येथें दोन गोष्टी नीट ध्यानांत ठेवण्यासारख्या आहेत. पहिली उष्णतेची. सायकलच्या चाकांत हवा भरतांना पंपाचें खालचें टोंक तापतें, हें प्रत्येकानें अनुभविलेलें आहे. कॉम्प्रेसरहि तसाच तापतो. म्हणून तो थोडा वेळ काम करून पुष्कळ वेळ विसांवा घेण्यासाठीं बनविलेला असतो. दुसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. हवा आंत जातांना मणी तिचा ओलावा घेतात. पुढें तीच कोरडी हवा बाहेर सोडण्याची वेळ आली, कीं ती पुष्कळशा रचनांत त्याच मण्यांतून उलटी येते आणि त्यांचा ओलावा बरोबर घेऊन जाते. अशा रीतीनें प्रत्येक उच्छ्वासाबरोबर शुष्कक पुन्हां ताजा होतो.

आतां समजा, एका बलूनला केसाएवढी चीर पडली. गाडी किंचित् बसते, सूचक निरोप देतो, कॉम्प्रेसर ती उचलतो. अर्ध्या तासानें पुन्हां तेंच. दिवसांतून पांचदहा वेळां चालणारें यंत्र पन्नास वेळां चालूं लागतें. टेफ्लॉनची कडी झिजते, मोटर तापते, वीज जोडणाऱ्या रिलेचे बिंदु जळूं लागतात. शिवाय गळालेली हवा चिरेंतून परस्पर निघून जाते. ती शुष्ककांतून परत येतच नाहीं. त्यामुळें मणी नुसते पाणी पीत राहतात, त्यांना वाळण्याची संधि मिळत नाहीं. ते तुडुंब भरले कीं पाणी झडपांत उतरतें, तेथें गंज व घाण सांचते, आणि एका चिरेचे तीन रोग होतात.

ह्या ठिकाणीं आपल्या कोंकणपट्टीच्या पावसाळ्याचा विचार अवश्य केला पाहिजे. मुंबईला पाणी पुरविणारीं तानसा व भातसा हीं धरणें शहापूर तालुक्यांतच आहेत. त्यावरून येथल्या पावसाची कल्पना यावी. ३० अंश सेल्सिअस उष्णमानांत एक घनमीटर हवेंत जास्तींत जास्त सुमारें ३० ग्रॅम पाणी वाफेच्या रूपानें राहूं शकतें. पावसाळी हवेंत तें सुमारें २७ ग्रॅम तरी असतें. ही हवा दाबून दहाव्या हिश्शांत कोंबली व ती पुन्हां तेवढ्याच उष्णमानास आली, म्हणजे तिच्यांत केवळ ३ ग्रॅम वाफ मावते. उरलेलें २४ ग्रॅम, म्हणजे जवळजवळ पांच लहान चमचे पाणी, वेगळें होतें. तेवढें सगळें मण्यांनीं झेलावयाचें! कोरड्या देशांत जी बारीक गळती वर्षभर खपून जाते, ती आपल्याकडे एका पावसाळ्यांत यंत्राचा घात करूं शकते.

दोष शोधतांना कमी खर्चाची परीक्षा आधीं व अधिक खर्चाची मागाहून, हा क्रम सोडूं नये.

पहिली परीक्षा मोजपट्टीची. सपाट जागीं गाडी उभी करून चारी चाकांच्या मध्यबिंदूपासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंतचें अंतर रात्रीं मोजावें, लिहून ठेवावें, आणि सकाळीं गाडी सुरू करण्यापूर्वीं पुन्हां मोजावें. चारी कोपरे सारखेच थोडेसे उतरले असतील, तर घाबरण्याचें कारण नाहीं. दुपारीं ४० अंश असलेली हवा पहाटे २० अंशांवर आली, तर तिचा एकूण दाब तेवढ्यानेंच सुमारें ६ टक्के कमी होतो. एकच कोपरा उतरला असेल, तर त्याच कोपऱ्याचा बलून, त्याची नळी किंवा तिचा सांधा ह्यांवर संशय घ्यावा. पुढचे किंवा मागचे दोन्ही कोपरे एकदम उतरले, तर झडपांचा ठोकळा तपासावा. गाडी रात्रभर जशीच्या तशी राहिली, पण सकाळीं माणसें बसल्यावर उठेना, तरच कॉम्प्रेसरकडे किंवा त्याच्या वीजपुरवठ्याकडे बोट दाखवितां येईल. एक मोजपट्टी आणि एक रात्र, एवढ्या भांडवलावर अर्धें निदान होतें.

दुसरी परीक्षा कानांची. इंजिन सुरू केल्यावर गाडी बसलेली असूनहि कॉम्प्रेसरची घरघर मुळींच ऐकूं आली नाहीं, तर फ्यूज, रिले व तारा पाहाव्या. घरघर होते पण गाडी उठत नाहीं, तर आंतील कडी झिजली असेल, हवा ओढण्याची जाळी चोंदली असेल, किंवा गळती फार मोठी असेल. घरघर लांबते व वारंवार होते, तर बारीक गळती आहे. आणि गाडीला कुलूप लावून आपण घरांत आलों तरी घरघर थांबत नसेल, तर रिलेचे बिंदु एकमेकांस चिकटले आहेत. अशा वेळीं तो रिले किंवा त्याचा फ्यूज ताबडतोब काढावा. नाहीं तर सकाळपर्यंत बॅटरी रिकामी होईल आणि मोटर जळेल.

तिसरी परीक्षा साबणाच्या पाण्याची. पंक्चर काढणारा नळी पाण्यांत धरून बुडबुडे पाहतो, त्यांतलाच हा प्रकार. गाडी चढलेली असतांना बलूनवर, विशेषतः तो खालीं जेथें दुमडतो त्या घडीवर, आणि नळ्यांच्या सांध्यांवर साबणाचें पाणी शिंपडावें. रबराला भेगा बहुतकरून ह्या घडींतच पडतात, कारण रस्त्यावरील प्रत्येक खड्ड्याला तेथेंच वाकणें घडतें व खडीची बारीक कचहि तेथेंच अडकते. ह्याच वेळीं उंची सांगणाऱ्या सूचकाची लहानशी दांडीहि पाहावी. दगड लागून ती वांकली किंवा सुटली, तर सूचक खोटा निरोप देतो आणि निर्दोष कॉम्प्रेसरवर आळ येतो.

चौथी परीक्षा विजेची; ही जाणकारानेंच करावी. हें लहान यंत्र सुरू होतांना पुष्कळ प्रवाह ओढतें. म्हणून बॅटरी अशक्त असली किंवा तारेचा सांधा गंजला असला, तर तें अडखळतें. दाब मोजावयाचा तो यंत्र चालू असतांना; नुसत्या उघड्या तारेवर १२ व्होल्ट दिसले म्हणून भागत नाहीं. फ्यूज जळाला असेल तर त्याच आंकड्याचा नवा घालावा. तो पुन्हां जळला तर कारण शोधावें. मोठ्या आंकड्याचा फ्यूज घालणें म्हणजे घरांतील पहारेकऱ्यास झोंपविण्यासारखें आहे.

पांचवी परीक्षा दाबमापकाची. कॉम्प्रेसरच्या निर्गमावर मापक जोडून तो किती वेळांत किती दाब निर्माण करतो हें पाहावें आणि गाडीच्या पुस्तकांतील आंकड्याशीं ताडून घ्यावें. ह्या परीक्षेंत तो नापास झाला, तरच तो दोषी ठरला. संगणकाला जोडण्याचें यंत्र ‘कॉम्प्रेसर फार वेळ चालला’ असा संकेत दाखवितें. पण तो कां चालला, हें सांगत नाहीं. ताप मोजणें म्हणजे निदान नव्हे.

आतां दुरुस्ती. पिस्टनची कडी, शुष्ककांतील मणी, हवा ओढण्याची जाळी आणि रबरी वळीं एवढे भाग अनेक कॉम्प्रेसरांत बदलतां येतात. सिलिंडरला ओरखडे नसतील व मोटर शाबूत असेल, तर ही दुरुस्ती नव्या यंत्राच्या मानानें पुष्कळ स्वस्त पडते. सिलिंडर खरवडला गेला असेल किंवा मोटरचा जळका वास येत असेल, तर मात्र नवा कॉम्प्रेसरच घ्यावा. आंत तेल किंवा ग्रीस घालण्याचा मोह टाळावा. यंत्र कोरडें चालण्यासाठीं केलेलें आहे, आणि तेलानें मणी निकामी होतात. नळीचें टोंक खराब झालें असेल, तर तें धारदार पात्यानें अगदीं काटकोनांत कापून पुन्हां बसवावें. तिरकें कापलेलें टोंक हमखास गळतें. नवा कॉम्प्रेसर घेतला तर रिलेहि नवा घ्यावा, कारण जुन्या यंत्राबरोबर त्यानेंहि तेवढेच हाल सोसलेले असतात आणि त्याची किंमत स्वल्प असते.

बलूनला मात्र ठिगळ लावूं नये. सायकलच्या नळीला लावलेलें ठिगळ वरून टायर दाबून धरतो. बलूनला तसा आधार नाहीं, आणि प्रत्येक धक्क्याबरोबर तो घडींत वळतो. चिरलेला बलून बदललाच पाहिजे. शेवटीं चारी कोपऱ्यांची उंची पुस्तकाप्रमाणें पुन्हां लावून घ्यावी.

“मग हे बलून काढून पोलादी स्प्रिंगाच कां बसवूं नयेत?” असें कोणी विचारील. सन १९५७ च्या मोटारीच्या मालकांनीं तेंच केलें होतें. परंतु आजच्या मोटारींत उंचीचे सूचक, संगणक व धक्के झेलणारे शॉक ॲब्सॉर्बर हे एकमेकांशीं बांधलेले आहेत. एक बदलला कीं इतरांचा तोल जातो. शिवाय गाडीच्या मूळ रचनेंत फेरफार करण्याला कायद्याच्याहि मर्यादा आहेत. जुन्या झालेल्या गाडीसाठीं हा विचार कोणी केलाच, तर तो निर्मात्याचा सल्ला घेऊन करावा. एका गळतीवरच्या रागानें करूं नये.

आतां सर्वांत महत्त्वाची गोष्ट. हवेवर उभ्या असलेल्या गाडीखालीं कोणीहि शिरूं नये. मालकानें नव्हे, मेकॅनिकनें नव्हे, आणि त्याच्या हाताखालच्या पोरानें तर मुळींच नव्हे. बलून फुटला, नळी सुटली किंवा संगणकानें आपण होऊन हवा सोडली, तर दोन टन वजनाची गाडी क्षणांत कित्येक इंच खालीं येते. ओरडण्याइतकाहि अवधि मिळत नाहीं. नुसत्या जॅकवरहि विश्वासूं नये. गाडी उचलण्यापूर्वीं पुस्तकांत सांगितल्याप्रमाणें ही व्यवस्था बंद करावी, गाडीच्या सांगाड्याखालीं भक्कम घोड्या लावाव्या, आणि मगच आंत जावें. चाक व मडगार्ड ह्यांच्यामध्यें हात घालण्याचीहि घाई करूं नये. नळी उघडण्यापूर्वीं तींतील हवा सोडून द्यावी. महामार्गाच्या कडेला रात्रीं उभ्या असलेल्या मोटारींखालीं मोबाइलच्या उजेडांत शिरलेलीं तरुण पोरें आपण सर्वांनीं पाहिलीं आहेत. गाडीच्या मालकानें अशा वेळीं “लवकर कर” असें न म्हणतां “आधीं घोडी लाव” असें म्हटलें, तर तेवढ्यानें एखाद्या घरचा कर्ता मुलगा वांचेल.

घाटाविषयीं दोन शब्द. कसाऱ्याच्या घाटांत मोटारीच्या उंचीची सूचना देणारा दिवा लागला, तर वेग कमी करून सुरक्षित रुंद जागीं थांबावें. पुष्कळ गाड्यांत इंजिन चालू असेपर्यंतच कॉम्प्रेसर काम करतो, म्हणून कांहीं मिनिटें इंजिन चालूं ठेवून गाडी उठते कीं काय हें पाहावें. गाडी पूर्ण बसली असेल, तर ती चालवूं नये; टायर मडगार्डला घासतो व दुमडलेला बलून चिरडला जातो. तिला सपाट वाहनावर चढवूनच न्यावी. बसच्या बाबतींत प्रश्न अधिक गंभीर आहे, कारण तीच हवा ब्रेकलाहि लागते. हवा भरतांना ब्रेकच्या टांक्यांना अग्रक्रम मिळावा आणि एका बाजूच्या गळतीनें दुसरी बाजू रिकामी होऊं नये, अशी झडपांची योजना बसमध्यें केलेली असते. तरीहि दाबमापकाचा कांटा उतरत असतां चालकानें उतार धरतां कामा नये. अशा वेळीं बस थांबली म्हणून चालकावर चिडणाऱ्या प्रवाशांनीं हें ध्यानांत घ्यावें, कीं तो आपला वेळ दवडीत नसून आपला जीव राखीत आहे.

शेवटीं, ज्यांना स्वतः हात काळे करावयाचे नाहींत त्यांच्यासाठीं एवढेंच सांगतों. कोणी “कॉम्प्रेसर गेला” असें म्हटलें, तर पैसे देण्यापूर्वीं त्याला शांतपणें तीन प्रश्न विचारावे: गळती शोधली काय? रिले व वीजपुरवठा तपासला काय? दाब मोजला काय? जो मेकॅनिक ह्या तिन्ही प्रश्नांचीं उत्तरें आंकड्यांसह देईल, त्याच्या हातीं गाडी निर्धास्तपणें द्यावी आणि त्याची मजुरी देतांना घासाघीस करूं नये. जो उत्तरें न देतांच नव्या यंत्राची किंमत सांगूं लागेल, त्याला नमस्कार करून घरीं यावें, आणि त्या रात्रीं मोजपट्टी काढावी.